नाचताना जळलेल्या कॅलरी: घड्याळ खरं की ॲप?

प्रश्न: वजन ६० किलो, मॉडर्न डान्सचा ४५ मिनिटांचा क्लास. घड्याळ ४२० दाखवतं, ॲप २२५. कुठला आकडा धरू?

उत्तर १: ॲपचं गणित सरळ आहे: मेट (नुसतं बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते तो आकडा) × किलो × तास. अशा क्लासला मेट ५ धरतात, म्हणून ५ × ६० × ०.७५ = २२५. संथ बॉलरूमला ३ पुरे. वेळ मात्र प्रत्यक्ष नाचाचाच मोजा. स्टेप बघत उभं राहिलात तो वगळा. इथेच सगळे फसतात.

उत्तर २: हात झटकले की मनगटावरचा सेन्सर सरकतो, हृदयाचे ठोके चुकीचे मोजले जातात. पट्टा हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा असेल तर उत्तमच.

उत्तर ३: त्या २२५ मधल्या ४५ नुसतं बसूनही जळल्या असत्या. आहाराच्या हिशेबात १८० च घ्या.