वर्णनाशी न जुळणारी जुनी वस्तू : परतीचा खर्च कोणाचा?

प्रश्न (सिडको, नाशिक): पुण्यातील एका गृहस्थांकडून जुना मिक्सर ऑनलाइन घेतला. जाहिरातीत ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिले होते; प्रत्यक्षात भांड्याला तडा असून त्यावर एम-सील फासलेले आहे. पैसे परत देण्यास ते तयार आहेत, मात्र कुरिअरचा खर्च मीच सोसावा, असे म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर (पंचवटी): मुळीच नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे. आणि कलम ४३ प्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसल्यास, हक्काने नाकारलेली वस्तू परत पाठवण्याचे बंधन खरेदीदारावर नसते, नकार कळवणे पुरेसे असते. (तो लेखी कळवावा, फोनवर नव्हे.)

उत्तर (नाशिकरोड): सहमत. तोवर मिक्सर वापरू नका, अन्यथा आपण तो स्वीकारला असा अर्थ काढला जाऊ शकतो. एम-सीलचे छायाचित्र आणि मूळ जाहिरात मात्र आजच जपून ठेवा.