फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर घरी व्यायाम: ट्रेडमिल की सायकल?

कोथरूडची_लेक:
बाबा ५६ वर्षांचे, आयएलडी (फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार) होता. अकरा आठवड्यांपूर्वी चेन्नईत दोन्ही फुफ्फुसं बदलली, परवा घरी आलो. ऑक्सिजन ९७, तरी अर्ध्या जिन्यात पाय लटपटतात आणि मटकन खाली बसतात. दोन वर्षं ऑक्सिजनची नळी लावून काढलेला माणूस, दर दहा पावलांनी बोट ऑक्सिमीटरमध्ये. ट्रेडमिल घ्यावी की सायकल? फिजिओ घरी बोलवावा का?

दुसरा_डाव:
आत्ता काहीच विकत घेऊ नका. माझ्या ऑपरेशनला चार वर्षं झाली. दमतात ते पाय. आजारपणात मांड्या वाळतात, वर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्नायू आणखी खातं. खुर्चीतून उठणं-बसणं हाच माझा पहिला व्यायाम, तोही हाताचा रेटा न देता. छातीचं हाड जुळेपर्यंत तीन महिने बंदी होती. फिजिओने खुर्चीवर गोधडीच्या चार घड्या घालून बैठक उंच केली. जमेल तशी एकेक घडी कमी. शेवटची निघाली तेव्हा बायकोने शिरा केला होता.

फिजिओ_नाशिक:
गोधडी आवडली, वापरणार. एक भर घालते. नव्या फुफ्फुसांच्या नसा कापलेल्या असतात, कफ साठला तरी खोकल्याची उबळ येईलच असं नाही. म्हणून चालण्याआधी मुद्दाम दीर्घ श्वास आणि 'हफ' (तोंड उघडं ठेवून जोरात श्वास बाहेर टाकणं) करून कफ काढायचा. दम बोर्ग स्केलवर मोजा, ० ते १०; तीन-चारला वेग पुरे. ऑक्सिमीटर चालण्याआधी, मधे एकदा आणि नंतर. कितीला थांबायचं तो आकडा प्रत्यारोपणाच्या टीमकडून लिहून घ्या. घरच्या स्पायरोमीटरवर (फुंकून मोजायचं यंत्र) एफईव्ही१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, नेहमीपेक्षा १० टक्के घसरला तर व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी फोन करा. आणि भरलेली बादली सर्जन हो म्हणेपर्यंत नको. पुरुषांना हे सांगावंच लागतं.

सदाशिव_पेठी:
फिजिओच्या सेंटरला न्यायचं तर रिकामी वेळ मागा, मास्क लावूनच. बागेत माती उकरत असतील किंवा पालापाचोळा झाडत असतील तिथून लांब, बुरशीचा धोका. आणि गॅलरीत कबुतरं?

कोथरूडची_लेक:
जाळी चेन्नईला जायच्या आधीच लावली. सायकल रद्द. टीमला विचारून आज आजीची गोधडी काढली, बाबा म्हणाले पाच घड्या घाल. सात वेळा उठले. आठव्यांदा हात हळूच खुर्चीच्या दांडीवर गेला आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली. तिला तिथून कसं दिसलं देव जाणे.