पांढरी पाच की काळी एक?

देसाई (बी-३०४): नमस्कार. रविवारी सकाळी ७ ला क्लब हाऊसमध्ये जे चाललं होतं त्याला गणपतीची प्रॅक्टिस म्हणतात का? नाइट करून नुकता आडवा झालो होतो. मुलांना विरोध नाही. पण प्रत्येक वाद्य वेगळ्याच बिल्डिंगमधून वाजत होतं.

सेक्रेटरी: क्लब हाऊसची चावी जमा झालेली नाही. नोंद घ्यावी.

नाना (ए-१०१): देसाई, भूप होता तो.

देसाई: नाना, राग मलाही आला होता.

नाना: भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सकाळी तेच सूर म्हणजे देसकार. आधी हे शिकवा.

चिन्मयची आई: संध्याकाळी मुलांना क्लास असतात नाना.

मेधाताई (सी-२०३): झालं काय, पेटीचा सा काळी एक (पहिली काळी पट्टी), बासरी पांढरी पाचची (पाचवी पांढरी पट्टी), कीबोर्डचं ट्रान्सपोझ (सूर सरकवायचं बटण) कुणीतरी ४ वर ठेवलेलं. बासरीचा सूर बदलता येत नाही, म्हणजे बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. पांढरी पाच धरली की भूपाचे पाचही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा सा, प, रे, ध. खुंटीला हातसुद्धा लावायला नको.

नाना: पांढरी पाच?? आमच्या वेळी काळी एकच असायची.

मेधाताई: गाणारं कुणी नाहीये नाना.

नाना: सोसायटीचा तबला काळी एकचा आहे. मीच आणलाय.

मेधाताई: पंचमावर, म्हणजे प वर मिळवू. पांढरी दोन. अर्धाच सूर चढवायचा.

सेक्रेटरी: चावी.

ए-६०२: त्यापेक्षा डीजे आणा, निदान एका सुरात असतो 😀

सी-१०२: गेल्या वर्षी डीजेचे पैसे कुणी भरले ते काढू का इथे?

ए-६०२: काढा की. सोबत तुमच्या वर्गणीची पावतीपण टाका.

अध्यक्ष: विषयांतर नको 🙏

चिन्मयची आई: ताई, राग मानू नका, पण चिन्मयला नुसते सा आणि प दिलेत. बाकीच्यांना अख्खी गत.

मेधाताई: अगं, सगळ्यांनी तीच ओळ वाजवली की गोंगाट होतो. पहिलं आवर्तन (तालाची एक फेरी) बासरी एकटी, मग पेटी आणि पहिलं व्हायोलिन. चिन्मय समेवर (पहिल्या मात्रेला) सा, खालीवर (टाळी नसते तिथे) प, लांब गज. त्याच्यावर बाकीचे उभे राहतात. सगळे मिळून फक्त शेवटची दोन आवर्तनं आणि तिहाई (एकच तुकडा तीनदा). मुखडा नवव्या मात्रेला उचलायचा आहे, कीबोर्ड दर वेळी समेवरच घुसतो, आधी ते सुधारू दे. अंतऱ्यात ‘ग प ध सां’ चिन्मयला एकट्याला देते.

चिन्मयची आई: चारच मात्रा? बरं.

नाना: काळी एकला भारदस्त वाटलं असतं.

देसाई: माझा मुद्दा वेळेचा होता.

नाना: माझाही. देसकार.

मेधाताई: शनिवारी संध्याकाळी ६. तबल्याची हातोडी कुठे आहे?

सेक्रेटरी: क्लब हाऊसच्या कपाटात. चावीबद्दल वर लिहिलं आहे.

देसाई: शनिवारी मी गावाला आहे. काय ते वाजवा.