जिताड्यासाठी रॉड-लाइन कोणती घ्यावी? आणि पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकणाऱ्यांच्या शेजारी गरवताना काय पाळायचं?

धोपावेकर_पुण्यात:

नमस्कार मंडळी. गाव धोपावे, नोकरी पुण्यात, महिना-दीड महिन्यातून एकदा घरी येणं होतं. लहानपणी आजोबांबरोबर हातदोरीने गरवलंय, नुसती दोरी, शिसं, गरी आणि कोळंबी, पण रॉडवर गेल्या दिवाळीपासूनच सुरू केलं. आणि जे काही शिकलो ते सगळं अमेरिकेतल्या बास फिशिंगच्या व्हिडिओंवरून, त्यामुळे सामानही तसंच घेतलं गेलं, साडेसहा फुटी मिडियम रॉड, बेटकास्टर रील, १२ पौंडाची मोनो लाइन, टेक्सास रिगचे रबरी किडे, एक स्पिनरबेट आणि तीन-तीन टोकांच्या गऱ्या असलेले दोन मिनो (प्लास्टिकचे नकली मासे). आतापर्यंत दाभोळ खाडीत दोन गोबरे आणि एक तांबोशी मिळाली. जिताडे तीन लागले आणि तिन्ही वेळा लाइन तुटली, एकदा तर मासा पूर्ण पाण्याबाहेर येऊन डोकं झटकताना दिसला आणि पुढच्या क्षणी हातात रॉड हलका झाला. तर पहिला प्रश्न हा की यातलं काय ठेवू, काय बदलू.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मागच्या रविवारी पहाटे तरीच्या (फेरीबोटीच्या) जेटीपासून बरंच आत, खाजणातून (भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीतून) एक चोंढा (पाण्याचा छोटा फाटा) खाडीला मिळतो तिथे उभा होतो. एक वयस्कर काका कमरेएवढ्या पाण्यात पाग घेऊन बोयींच्या (बोय माशांच्या) मागे होते, माझ्यापासून पंचवीस-तीस पावलांवर. मला वाटलं अंतर भरपूर आहे. त्यांनी पाग फेकला आणि त्याच वेळी माझा मिनो त्याच बाजूला पडला, मी रील फिरवली आणि गऱ्या पागात अडकल्या. घाबरून मी अजून ओढलं. चार-पाच आस (जाळ्याची घरं) फाटले. काकांनी काहीही न बोलता कोयतीने गऱ्या सोडवल्या, मिनो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाळा, मी अर्ध्या तासापासून इथे एका जागी उभा आहे, बोय जवळ यायची वाट बघत." एवढंच. पाग खांद्यावर टाकला आणि घरी गेले. त्यांचा त्या दिवसाचा धंदा गेला. मी पैसे विचारायचं धाडस पण केलं नाही. आता परत गेल्यावर काय करू, आणि पुढे असं होऊ नये म्हणून नेमकं काय पाळायचं ते कुणीतरी नीट सांगा.

खाजणातला_दापोली:

आधी सामानाबद्दल सांगतो कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

ते व्हिडिओतले बास म्हणजे लार्जमाउथ, गोड्या पाण्यातला, तळ्यातल्या शेवाळात आणि बुडालेल्या झाडांत राहणारा मासा. आपला जिताडा, इंग्रजीत ज्याला एशियन सी बास म्हणतात, तो वेगळाच. एक सवय मात्र सारखी, दोघंही आडोशाला दबा धरून बसतात आणि तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतात. म्हणून टेक्सास रिगची कल्पना फेकून देऊ नको, गरीचं टोक रबरात लपलेलं असतं त्यामुळे कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांत अडकत नाही, फक्त किड्याऐवजी चार-पाच इंची माशाच्या आकाराचं रबर लाव, शेपटी हलणारं, कारण इथे तो बोय आणि कोळंबी खातो, गांडूळ नाही. स्पिनरबेट गढूळ पाण्यात चालतो पण तार खाऱ्याने लगेच गंजते, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतलाच पाहिजे, रील पण. बेटकास्टर वाईट नाही, पण समोरून वारा आला की गुंता होतो, तू महिन्यातून एकदा येणार म्हणजे हात बसायला वेळ लागेल, ४००० साइझची स्पिनिंग रील घे आणि सात-साडेसात फुटी मिडियम हेवी रॉड.

आता लाइन. १२ पौंडाची मोनो कालवांच्या खडकावर म्हणजे ब्लेडवर दोरा. ३० पौंडाची ब्रेड (विणलेली लाइन) घे आणि पुढे गरीकडच्या टोकाला ४० ते ५० पौंडाचा फ्लोरोकार्बन लीडर, किमान एक मीटर, मी दीड ठेवतो. नुसती ब्रेड बांधू नको, ताणलेली ब्रेड कालवाला टेकली की कापलीच समज. आणि जिताड्याचं तोंड बघितलंस का कधी हात लावून? मोठे दात नसतात पण आतून सगळं पॉलिश पेपरसारखं खरखरीत, शिवाय कल्ल्याची कड सुरीसारखी. तो उडी मारून डोकं झटकतो तेव्हा पातळ लाइन त्या कडेवर घासते, तुझा तो रॉड हलका झालेला क्षण बहुतेक तोच. उडी मारताना रॉडचं टोक खाली घे. ड्रॅग (रीलचा ब्रेक) अंदाजाने लावू नको, लाइनच्या ताकदीच्या साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ३० ला सात-आठ पौंड, बाजारातला लटकवायचा वजनकाटा लाइनला बांधून ओढून बघ, साडेतीन किलोला रील सुटायला हवी.

तीन टोकी गऱ्या काढून टाक. त्या जागी एकटोकी लाव आणि तिचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट कर. मासे सुटतील असं वाटेल, लाइन ताठ ठेवलीस तर सुटत नाहीत, आणि पागात अडकली तरी फाडल्याशिवाय निघते.

वेळेचं विचारलं नाहीस तरी सांगतो. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरती काढतात, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. द्वितीयेला दीड वाजता भरती म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण सुकती (ओहोटी). खाडीत आत गेलं की थोडा उशीर धर. सुकतीचे शेवटचे दोन तास चोंढ्याच्या तोंडाशी सोनं, खाजणातलं पाणी बाहेर येतं, त्याबरोबर बारीक मासळी, आणि जिताडा तिथेच टपलेला असतो. पण हेच गणित पागवाल्या काकांचंही आहे, ते पन्नास वर्षं करतायत. म्हणजे तुम्ही दोघं एकाच तासाला एकाच जागी येणार हे ठरलेलंच आहे.

चिपळूणच्या बाजूला वर गेलास तर कमरेएवढ्या पाण्यात उतरू नको, वाशिष्ठीत मगरी आहेत.

कोळीण_लेक:

मी या ग्रुपवर फारशी लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझे वडील पाग टाकायचे, आई अजून कालवं काढते.

पागवाला उभा असतो तेव्हा तो काही करत नाहीये असं बघणाऱ्याला वाटतं. तो पाण्यावरची बारीक लकेर बघत असतो. पागाचा एक भाग दाताखाली किंवा कोपरावर, बाकीचा हातात, आणि बोय आली की एकाच फेकीत गोल उघडायला हवा. तेवढ्यात शेजारी काहीतरी डुबकन पडलं की बोय गेली, जाळं फाटो की न फाटो. पंचवीस पावलं म्हणजे काहीच नाही. तो उभा आहे ती जागा आणि तो तोंड करून आहे ती सगळी बाजू त्याची, असं धरून चाल. त्याच्या पाठीमागून जा, लांबून आवाज दे, "काका, मी वरच्या अंगाला जाऊ का?" एवढं विचारलं की बरेचदा तेच सांगतात कुठे मासा आहे. डोक्यावरचा टॉर्च पाण्यावर मारू नको. डोलीच्या (खुंटाला बांधलेल्या जाळ्याच्या) खुंटाला होडी बांधायची नाही, आणि जाळ्याच्या बोयरावरून (तरंगत्या खुणेवरून) रबर ओढत न्यायचं नाही.

पैशाचं म्हणशील तर हातात नोटा ठेवू नको, त्यांना बरं वाटणार नाही. घरी जा, पाग बघायला माग, आस मोजून घे, त्याच जाडीच्या नायलॉनचं रीळ घेऊन जा आणि विणताना शेजारी बस. माझे वडील पावसाळ्यात ओटीवर बसून पाग विणायचे, अंगठ्याला दोरा गुंडाळून, एक पाग व्हायला आठवडे जायचे, त्यामुळे चार आस फाटणं म्हणजे काय ते मला माहिती आहे.

आता माझं दुखणं. तुम्ही लोक लाइन तुटली की "तुटली" म्हणून पुढे जाता. ती गरी कुठे जाते? दोन वर्षांपूर्वी आई सुकतीला चिखलातून चालत होती, अनवाणी, कारण चिखलात चप्पल राहत नाही, आणि तीन टोकी गरी टाचेत गेली. उलट्या काट्यासकट. मी मोबाइलच्या उजेडात बघितलं, चमकदार निळा प्लास्टिकचा मासा आईच्या टाचेला लोंबकळत होता आणि ती म्हणत होती आधी टोपली उचल. कापून काढावी लागली, धनुर्वाताचं इंजेक्शन, पंधरा दिवस खाडी बंद. कुणाची होती कधी कळणार नाही. तीन जिताडे तुझ्या गऱ्या घेऊन गेले ना, त्यातला एखादा मेला असेल, एखादी गरी चिखलात असेल. म्हणून वर दादांनी सांगितलेला जाड लीडर लाव. तो माशासाठी नको समजू, आमच्या बायकांच्या पायांसाठी लाव.

सुट्टीचा_गळ:

सगळं पटलं पण एक विचारतो, राग नसावा. खाडी सगळ्यांची आहे ना? आम्ही पण तिथलेच, सुट्टी काढून पेट्रोल जाळून येतो, दरवेळी आपणच का मागे सरकायचं? जेटीवर तर उलट अनुभव येतो, आधी आम्ही उभे असतो आणि कुणीतरी येऊन आमच्या लाइनवरून गळ टाकतं.

खाजणातला_दापोली:

जेटीवर जो आधी आला त्याची जागा, तिथे तुझं बरोबर आहे, नंतर येणाऱ्याने विचारूनच उभं राहावं, कुणाला मासा लागला तर बाकीच्यांनी आपापली लाइन गुंडाळून घ्यावी, आणि फेरीबोट किंवा होडी लागायला आली की सगळ्यांनीच. पण चोंढ्यावर हिशोब वेगळा आहे असं मला मनापासून वाटतं. तुला मासा नाही मिळाला तर संध्याकाळी घरी जेवण आहेच. त्यांच्या घरी त्या पागातून येतं तेवढंच. आणि खाडी लांब आहे रे, दोनशे पावलं पुढे दुसरा चोंढा असतो.

आचऱ्याचो_गरवणारो:

धोपावेकरा, मी आचऱ्याचो. आमच्याकडे खाडीत गरी अडाकली तर तोडून येवचा नाय. जागा ध्यानात ठेव, कांदळाच्या फांदयेक खूण कर, पानी सुकला काय परत जा आणि काढून हाड. मी तर मोबाइलात जागा टिपून ठेवतंय. मागच्या म्हयन्यात सात गऱ्यो काढलंय, त्यातल्यो चार माज्यो नव्हत्यो.

आणि तुटलेली ब्रेड खिशात घाला, कांदळात सोडू नका. ती कुजत नाही. पाणकावळा तिच्यात अडकून उलटा लोंबकळलेला मी स्वतः सोडवलाय, पंखाच्या सांध्यात दोरा इतका रुतला होता की नखाने मिळेना, कात्रीच लागली. तेव्हापासून शिवणाची छोटी कात्री पिशवीत असते.

अजून एक. जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे मोठं धूड लागलं तर ती बहुधा मादीच. पावसाच्या सुमाराला ती खाडीच्या तोंडाकडे खाऱ्यात अंडी घालायला उतरते. तेव्हा लागली तर पाण्यातच सोड, कल्ल्यात बोट घालून उभी लटकवून फोटो काढायचा नाही, पोटाखाली ओला हात दे आणि शेपटी मारेपर्यंत धरून ठेव. बारकी पिल्लं पण सोड. सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली आहे, पण ते कागदावर बघायची पण गरज नाही, हातात मावणारा जिताडा घरी कशाला न्यायचा. मधला खा, दोन-तीन किलोचा, तोच चवीला चांगला.

आणि जागेचं नाव फोटोखाली लिहू नको. पुढच्या रविवारी तिथे वीस जण उभे असतात आणि काका घरी.

धोपावेकर_पुण्यात:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून ऑफिसमध्ये काम सुचलं नाही. तीन टोकी सगळ्या गऱ्या कालच काढल्या, एकटोकी लावल्या, पकडीने काटे दाबले. लीडर ५० चा मागवलाय, ब्रेडला जोडायची एफजी गाठ रात्री टेबलाच्या पायाला बांधून शिकतोय, ओढून बघितली, अजून तीनपैकी एकदा सुटते, तोपर्यंत डबल युनीच वापरीन.

काकांचं घर आईने शोधलं, आमच्या खालच्या वाडीतच आहे, आजोबांना ओळखायचे म्हणे. आईने फोनवर विचारून घेतलं, पाग त्यांनीच दुरुस्त केलाय पण दोरा संपलाय. रीळ घेतलंय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो, शनिवारी द्वितीया आहे, पण सकाळी खाडीवर जाणार नाही, आधी त्यांच्याकडे जातो. तीन गऱ्या जिथे तुटल्या त्यातल्या दोन जागा मला नक्की आठवतात, एक कालवांच्या खडकाला लागून आणि एक पडलेल्या कांदळाच्या बुंध्याशी. रविवारी पूर्ण सुकतीला, म्हणजे तृतीयेचं गणित बरोबर असेल तर सव्वाआठच्या सुमाराला, बूट घालून तिथे उतरतो. सापडल्या तर इथे फोटो टाकेन, जागेचं नाव न लिहिता.

कोळीण_लेक:

बूट चिखलात रुततील, सोबत लांब काठी घे, आणि पाय टाकायच्या आधी काठीने चाचपून बघ. आईला सांगितलं तुझं, ती विचारते आजोबांचं नाव काय. इथे लिहू नको, मेसेज कर.