मुंबई फुल मॅरेथॉन: उन्हाआधी वेळ कमवायचा की पेडर रोडसाठी दम राखायचा?

घाटातला_गडी
गेल्या जानेवारीत मुंबईत पहिली फुल (४२.१९५ किमी) पळालो. चार तासांत संपवायची होती, म्हणजे किलोमीटरला ५:४१. पहाटेचा गारवा, पाय हलके, गर्दीचा जोश. हाफ, म्हणजे अर्धं अंतर, १:५२ लाच झाली! परतताना ३५ किमीच्या आसपास पेडर रोडचा चढ आला आणि मांड्या दगड झाल्या. चढ चालत काढला, पुढचंही बरंचसं चालतच. ४:२३.
माझं ठाम मत: सुरुवातीला कमावलेला वेळ शेवटी दामदुपटीने वसूल होतो. वजनाच्या दर किलोला एका किलोमीटरमागे साधारण १ किलोकॅलरी लागते. माझं वजन ६८, म्हणजे फुलला २८०० च्या वर. अंगात साठलेलं ग्लायकोजेन (स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा) २००० च्या आसपास. बाकीचं चरबी आणि पळताना घ्यायच्या एनर्जी जेलवर भागवायचं. पण जोरात पळालं की शरीर चरबी कमी आणि ग्लायकोजेन जास्त जाळतं.

वरळीचा_वारा
दादा, हिशेब बरोबर, पण यात मुंबईची हवा कुठे आहे? पाचला निघून पेडर रोडला पोचेपर्यंत सव्वाआठ-साडेआठ होतात. ऊन आणि दमटपणा, दोन्ही अंगावर. राखलेला दम तिथे घामातच जातो. मी चारदा पळालोय. हाफला ५-६ मिनिटं हातात ठेवतो आणि ती चढावर खर्चतो. केनियाच्या किपचोगेने बर्लिनला २०२२ मध्ये २:०१:०९ चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिली हाफ ५९:५१ होती आणि दुसरी ६१:१८.

घाटातला_गडी
तोच विक्रम केनियाच्याच किप्टमने २०२३ ला शिकागोत मोडला: ६०:४८ आणि ५९:४७. शिवाय किपचोगेच्या दोन हाफमध्ये दीड मिनिटाचा फरक, माझ्यात ३९ मिनिटांचा.

नाडीवर_बोट
तुम्ही दोघंही घड्याळावरच भांडताय. उन्हात त्याच पेसला (वेगाला) माझी नाडी १५० वरून १६५ वर जाते, कारण अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडेही जातं. म्हणून श्वास सारखा ठेवा. पहिल्या दहा किलोमीटरला शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चढाला पावलं छोटी करा, वेग गेला तर जाऊ दे.

वरळीचा_वारा
ताई, श्वासाचं पटलं. पण पहाटेच्या गारव्यात त्याच श्वासाला वेग आपोआप जास्त येणार. मग मी म्हणत होतो तेच झालं की!

घाटातला_गडी
येईल, पण किती? किलोमीटरला ५ सेकंद चालतील, मी २३ घेतले होते. यंदा हाफ १:५८ च्या आत काढणार नाही. सी लिंकवर कोणी पुढे गेलं तर जाऊ दे.