कायदे कमी झाले म्हणता, मग माझी फाईल जाड कशी?

शिरोलीचा व्हीएमसीवाला
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारी कटिंगची मशिनं. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, मशिनिंग करून परत जातं. माणसं चौदा. काल चहाच्या गाड्यावर एकानं वरचा सवाल टाकला, त्यावर वाद झाला, म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. जनविश्वास कायद्यानं 2023 साली 42 केंद्रीय कायद्यांतल्या 183 तरतुदी बदलल्या, बारीकसारीक चुकीला जेल ही भानगड कमी केली. 29 कामगार कायद्यांचे चार कोड (संहिता) झाले, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागूही झाले. हे ज्यांनी केलं त्यांना माझं मत. विरोधकांनी काय केलं? सभात्याग!

कागलकर
अर्धंच सांगितलंसा की राव. सप्टेंबर 2020 ला राज्यसभेतले आठ खासदार निलंबित केले, म्हणून विरोधकांनी बहिष्कार घातला. आणि त्याच रिकाम्या बाकांसमोर तीन कोड मंजूर करून घेतले. कोट्यवधी कामगारांचा कायदा, समोर प्रश्न विचारायला कोण न्हाई.

आधी 100 कामगार असले की टाळं लावायला सरकारची परवानगी लागायची, आता 300. आपल्या एमआयडीसीत 300 वर माणसं दाखवणारे किती निघतील?

शिरोलीचा व्हीएमसीवाला
100 च्या भीतीनं लोक हजेरीपटावर 95 ठेवायचे, बाकीचे ठेकेदाराकडून. ते बरं होतं का?

आणि इन्स्पेक्टरचं कौतुक मला सांगू नका. आमच्याकडं आलेल्यानं मशीन बघितलंच नाही. भिंतींना चुना मारल्याची तारीख रजिस्टरात नव्हती, त्यावर अडून बसला. शेवटी चुना कुणाला लागला ते सांगत नाही.

कागलकर
लाच खाणारा हाकला, तपासणी कशाला हाकलताय? मी पूर्वी जिथं होतो तिथं नग वाढावेत म्हणून पॉवर प्रेसचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणूनची जाळी) काढून कोपऱ्यात ठेवलेला असायचा. साहेब येणार कळलं की आदल्या रात्री बसायचा. वर्षातनं तेवढाच एक दिवस. शेजारच्या पोराची दोन बोटं गेली ती उरलेल्या दिवसांतली.

फाईलवाली ताई
दोघंही झेंडे जरा बाजूला ठेवा. मी लहान युनिटची कागदपत्रं बघते. 11 तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-वन, 15 ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय (आरोग्य विमा), 20 ला जीएसटी भरायचं विवरण थ्रीबी. सभागृहात कितीही बाकं वाजू देत, माझ्या तारखा काही हलल्या नाहीत.

खरं हलकं झालं ते 2017 च्या दुकान कायद्यानं. दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नाही, नुसती सूचना. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराचा गुमास्ता परवान्याचा हेलपाटा वाचला.

कागलकर
ताई, त्याच दुकान कायद्यात 2025 च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं 9 चे 10 तास करायला मंजुरी दिली, कारखान्यात 9 चे 12. ते पण हलकंच का?

शिरोलीचा व्हीएमसीवाला
आणि निपाणीच्या पल्याड, कर्नाटकात? त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या काँग्रेस सरकारनं दुकानांसाठी 9 चे 10 तासच मांडलेले. तमिळनाडूत द्रमुकनं 2023 ला कारखान्यांसाठी 12 तास मंजूर केले, संघटना उठल्यावर मे दिनाला मागं घेतले. सत्तेत बसलं की सगळ्यांना सारखंच सुचतंय.

कागलकर
मागं घेतले ना? मग संघटना लागतेच की.

पंचगंगाकाठ
मधेच बोलतो. पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वासनं ती काढून 10 हजार ते 15 लाख दंड केला. पंचगंगा नदीला फेस आला की खाली शिरोळकडं तेच पाणी जातं. मोठ्याला 15 लाख म्हणजे किरकोळ खर्च.

शिरोलीचा व्हीएमसीवाला
पाच वर्षांची कैद होती तेव्हा पंचगंगेपायी आत गेलेला एक मालक दाखवा. दंड निदान वसूल तरी होईल.

पंचगंगाकाठ
वसूल झाला की पावती इथं टाका.

कागलकर
व्हीएमसीवाले, राजकारण ऱ्हाऊ दे. तुमच्या मशीनला गार्ड हाय का?

शिरोलीचा व्हीएमसीवाला
व्हीएमसीला दार असतंय मर्दा. उघडं असलं तर मशीन चालतच नाही.

कागलकर
दाराचा सेन्सर बायपास केलेला न्हाई न्हवं?

शिरोलीचा व्हीएमसीवाला
एका मशीनचा आहे. सेटिंगला सोपं पडतं म्हणून पोरांनी केलाय. उद्या काढायला सांगतो.

कागलकर
सांगू नका. उभं राहून काढून घ्या.