वर्गात शिरलेलं जंगल : तुमचे अनुभव सांगा

गेल्या डिसेंबरात तिसरीच्या पोरांना घेऊन नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात जंगलातल्या प्राण्यांचं एक बालनाट्य पाहायला गेले होते. अधिवेशनाचे दिवस. मॉरिस कॉलेज टी-पॉईंटला मोर्चा अडवलेला, त्यामुळे आमची बस अर्धा तास जागच्या जागी. तेवढ्यात पोरांनी डबे संपवले. नाटक मात्र रंगलं. घोळ घातला तो मी, दुसऱ्या दिवशी. फळ्यावर लिहिलं, 'या नाटकातून कोणता बोध मिळतो?' 42 वह्या तपासल्या आणि 42 वेळा वाचलं, 'एकीचे बळ मिळते फळ'. नाटकात एकीचा प्रसंगच नव्हता! पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनं लिहिलं आणि ते मागे मागे सरकत गेलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा नाटक आहे. तेव्हा सांगा, असं नाटक पाहिल्यावर किंवा बसवताना तुम्ही वर्गात काय काय केलंत? फसलेलंही सांगा. फसलेलं आधी सांगितलंत तर बरंच.

दुसरीची वर्गशिक्षिका, महाल

आम्ही नाटक बसवलं होतं, स्नेहसंमेलनासाठी. प्राण्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. एकाला अस्वल आलं आणि तो रडायलाच लागला. "मले वाघ बनाचं आहे." त्याचे वरचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. मी सहज म्हणाले, अरे, अस्वलालाही वरचे मधले दोन दात नसतात. रडणं थांबलं. "कोणं पाडले?"

मग सांगावंच लागलं. आपल्या पेंच-ताडोब्यातलं अस्वल वारूळ उकरतं, नाकपुड्या मिटून घेतं, त्या फटीला तोंड लावतं आणि वाळवी ओढून घेतं. दात नाहीत म्हणून ओढायला वाट मोकळी. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक स्ट्रॉ दिली आणि बाकावर पतंगाच्या कागदाचे बारीक तुकडे पसरले. एका हाताने नाक दाबायचं, स्ट्रॉने तुकडा ओढून धरायचा आणि शेजारच्या वाटीत नेऊन सोडायचा. (मुरमुरे, साबुदाणा असलं काही घेऊ नका, घशात जाईल. तुकडे स्ट्रॉच्या तोंडापेक्षा मोठे हवेत.) वर्गात असा काही सूं सूं आवाज झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम पाहायला आल्या. खऱ्या अस्वलाचा हा ओढायचा आवाजही लांबवर ऐकू जातो, हे त्यामुळे वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी वर्गात ज्यांचे वरचे दात पडलेले होते अशी 9 मुलं निघाली. नऊही जणांना अस्वलच व्हायचं होतं. संवाद एकाचाच होता, तो नऊ जणांनी मिळून म्हटला. बसवणाऱ्या सरांना आवडलं नाही. मला आवडलं.

आई, मनीषनगर

मुखवट्यांबद्दल एवढंच सांगते. पुठ्ठ्याचा मुखवटा रबरबँडने तोंडावर बांधला की आवाज आत राहतो, घाम येतो आणि पोरगं दर दोन मिनिटांनी तो वर करतं. त्यापेक्षा कपाळावर बसेल असा टोपीसारखा करा. चेहरा दिसतो, आईला फोटोही मिळतो. स्टेपलरच्या पिनांची टोकं आतून टेपने झाका. माझ्या लेकीच्या कपाळावर अजून खूण आहे.

जिल्हा परिषद शाळा, देवलापारकडची

तुमच्याकडे पोरं वाघ नाटकात पाहतात. आमच्याकडे उलटं आहे. शाळेचं नाव सांगत नाही, पण आमच्यापासून महामार्ग जवळ आहे. जुना 7 नंबरचा, आता 44. पेंचच्या पट्ट्यात या रस्त्याखालून जनावरांना जायला 9 ठिकाणी वाट ठेवली आहे, त्यातली सर्वांत लांब 750 मीटरची. वाघ, रानकुत्रे, चितळ, रानडुकरं तिथून जाताना कॅमेऱ्यांत आलेली आहेत.

आमच्या नाटुकल्यात 'जंगलातून रस्ता येतो' असा प्रसंग होता. तो वर्गातच केला. सहा बाकं जोडून पूल. वर चौथीची पोरं सायकलचे टायर फिरवत ट्रक झाली, खालून पहिलीची पोरं चितळ होऊन रांगत जाणार. पहिल्या वेळी एकही चितळ पलीकडे गेलं नाही. वरून ट्रकांनी असा हॉर्न लावला की चितळं माझ्या टेबलाखाली शिरली. खालून एक जण ओरडला, "हॉर्न नोको वाजवू बे, हरीण भेऊन रायलं!" मग पोरांनीच घरून जुन्या साड्या आणल्या आणि बाकांच्या कडेला बांधल्या. खऱ्या पुलांवरही आवाज आणि गाड्यांचे दिवे अडवायला कडेला भिंती उभारल्या आहेत, हे मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर साड्या आल्या नसत्या.

पण खरा प्रसंग पुढे झाला. शेवटी वाघाला सगळे हार घालतात असं संहितेत होतं. एक पोरगी हार घेऊन उभी राहिली ती हलेचना. विचारलं तर म्हणाली, "नाटकातला वाघ चांगला आहे सर, आमच्या इकडचा बकरी नेते." दिवाळीच्या आधी तिच्या घरची बकरी गेली होती, गावात सगळ्यांना माहीत. काय बोलणार? हार बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्गात पंचनामा केला. एक पोरगा वनरक्षक, दोन पंच, बकरीची मालकीण तीच पोरगी. खडूने बकरीची जागा आखली, पंजाची खूण काढली. वनरक्षकाने विचारलं, नखं उमटली का? नाही. म्हणजे कुत्रा नाही, मांजरकुळातला. (चालताना वाघ-बिबट्याची नखं आत असतात, कुत्र्याची उमटतात. हे पोरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.) भरपाईचा अर्ज तिनं स्वतः लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका मी काढल्या नाहीत. स्नेहसंमेलनात तिनं वाघाला हार घातला नाही. ते तसंच ठेवलं.

धागा काढणारी

सर, तुमच्या पंचनाम्यावर मी दोन दिवस विचार करतेय. आमच्या शहरातल्या पोरांना वाघ म्हणजे गोरेवाड्याच्या सफारीत बसमधून दिसतो तो.

निवृत्त शिक्षक, सक्करदरा

खर्च नको असेल तर एक सोपा उपाय. नागपुरात घराघरांत तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल पडून असतात, वर्षातून एक दिवस चाकं फिरतात. मी ते वर्गात मागवायचो. खडूने चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवले की झाला रानगवा. फडक्याने पुसलं की पुन्हा बैल. फक्त नातवंडांचा बैल परत जाताना चाकासकट जातोय ना, ते बघा.

नाट्यशिबिरं घेणारा, धरमपेठ

थोडं विरोधी लिहितो. नाटकाआधी प्राण्यांची माहिती, चित्रं, तक्ते असलं काही करू नका. पोरं मग नाटक पाहत नाहीत, तक्त्यातला प्राणी आला का ते तपासत बसतात. सगळं नंतर करा.

आणि नंतरही प्रश्न तुम्ही विचारू नका, त्यांना विचारू द्या. एका शाळेत नाटकानंतर मुलांना नटांशी बोलायला बसवलं होतं. पहिलाच प्रश्न आला, "सिंह तर गुजरातेत गीरला असते, मंग आपल्या जंगलात राजा कसा काय झाला?" सिंह झालेला नट गप्प. दुसरा म्हणाला, बदली झाली असेल. सगळं सभागृह हसलं, पण त्या वर्गाने पुढे आठवडाभर राजाची निवडणूक घेतली, प्रचारासकट. रोही (म्हणजे नीलगाय) निवडून आला. घोषणा होती, 'ना खाणार, ना खाऊ देणार, फक्त हरभरा!' ज्यांच्या घरी शेती होती त्यांनी विरोधात मत दिलं.

पहिलीची शिक्षिका, जरीपटका

माझ्या वर्गातला एक मुलगा नाटकात वाघ प्रेक्षकांतून आला तेव्हा खुर्चीखाली गेला, तो शेवटपर्यंत वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाकीचे त्याला 'भित्रा' म्हणायला लागले. मला काही सुचेना.

मग आवाजाचा खेळ घेतला. वानरं झाडावर बसून पाला खातात, अर्धा खाली पाडतात, तो चितळं खातात. मोबदल्यात वरून वाघ आधी वानराला दिसतो. ते खॅक्-खॅक् ओरडतं, चितळं पळतात. मी त्या मुलाला माझ्या टेबलावर बसवलं. वर्गभर चितळं डोळे खाली घालून चरतायत आणि एक वाघ बाकांआडून सरकतोय. बाकीची मुलं वानर झाली की वाघ चितळापाशी पोचेपर्यंत त्यांना पत्ता नसायचा. ह्याला मात्र वाघाचा नुसता बूट दिसला तरी खॅक्! पाच डाव झाले, एकही चितळ गेलं नाही. सहाव्या डावाला ज्यांनी 'भित्रा' म्हटलं होतं तेच म्हणाले, "मॅडम, वानर त्यालेच ठेवा."

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. अस्वल आणि वानर सोमवारी घेणार, स्ट्रॉ आणल्या आहेत. बोधाचा प्रश्न फळ्यावरून पुसला.

एक अडचण राहिली. मागच्या वर्षीच्या मुखवट्यांचं काय करता? माझ्या कपाटावर 14 वाघ धूळ खात आहेत. चितळं एकही उरली नाहीत, सगळी पोरांनी घरी नेली.

आई, मनीषनगर

आमच्या घरी एक आहे. कान तुटलाय, परत मागू नका, ती देणार नाही.